सुपोषण

रंकाळ्यात म्हशी धुणाऱ्या तातोबा पोवारानं विचारलं,
"बाई, पाणी हिरवं का ओ?"
बाटलीत नमुना भरता भरता मी म्हणाले,
"सुपोषण."
तो म्हशीच्या बरगड्यांकडे बघत राहिला.
"मग हिला का लागू पडंना?"

चौदा शोधनिबंध होते माझ्या नावावर.
त्या रात्री सगळे चाळले.

पुढच्या रविवारी
स्कूटरवर पायांत धरून सूक्ष्मदर्शक नेला.
तातोबानं ओला हात धोतराला पुसला,
एक डोळा मिटला,
मिटला तो भलताच,
मग दुसरा.
बराच वेळ काही बोलला नाही.
मी फक्त नाल्याच्या तोंडाकडं बोट केलं.

"गटारीचं खाऊन माजल्यात व्हय ही!"

वहीत सुपोषणापुढं
मी कंसात लिहिलं: माज.
म्हैस तोवर
परत पाण्यात.