मानस

गावाचं नाव चोडण नाही, तरी चोडण समजा.
मुलाचं नाव पुनो नाही.
वयही मी जरा हलवलंय.

शाळेच्या अडगळीत कॅरमबोर्ड बाजूला सारून
टेबल मांडलं, घड्याळ ठेवलं,
तेरावा प्रश्न विचारला.
(प्रश्न इथे सांगता येत नाही.
उद्या कुणी पाठ करून आला, तर मी काय मोजू?)
पुनो खिडकीबाहेर बघत राहिला.
"ओहोटी लागली," म्हणाला,
"आता दार आपणच उघडतलें."
पुस्तिकेप्रमाणे: शून्य.

पुस्तिका दूरच्या शहरातली.
जिच्या मापानं पुनोला मोजायचं
त्या मुलांच्या दारात खाडी नव्हती.
भाषांतर कुणी केलं, कुणी पडताळलं,
कुठेच लिहिलेलं नाही.

हेडसरांना आकडा हवा. फोनवरही चालेल.
"मॅडम, रकाना एवढासाच आहे."
त्यात एकाहत्तर मावतात.
पाच-सहा इकडे, पाच-सहा तिकडे, हे मावत नाही.
त्या दिवशी त्याला कणकण होती, हे मावत नाही.

मागे एकदा मी मावेल तेवढंच लिहिलं होतं.
एका मुलीचं.
ती आता शाळेत नाही, फेरीबोटीवर चणे विकते
(चणे नाही, दुसरंच काही).
मला ओळखते.
सुटे पैसे अचूक मोजून देते.

पुनोचा बाप चपला काढून दारातच उभा.
"मानसतज्ज्ञ? म्हणजे मानस पळोवपाक आयल्यात तुमी?"
मी हसले, आणि मग हसू आवरलं.
मानस म्हणजे इथे खाजनाच्या बांधातलं लाकडी दार.
भरतीचं खारं पाणी अडवतं,
ओहोटीला आतलं सोडतं.
एक फळी कुजली, की वर्षाचं भात गेलं.

"पास जालो काय ना?"
त्याला खुर्ची दिली.
हेडसरांच्या आधी त्याला सांगितलं, त्याच्या बोलीत,
काय दिसलं, काय दिसलंच नाही,
माझं किती चुकलेलं असू शकतं.
तो बराच वेळ
टेबलावरच्या घड्याळाकडे बघत होता.

रात्री अहवाल लिहिला.
उत्तरपत्रिका लोखंडी कपाटात, किल्ली माझ्याकडे.
रकान्यात: सोबतची दोन पानं वाचावीत.

सकाळी धक्क्यावर फोन वाजला.
"मॅडम, आकडा राहिलाय."
फेरी लागत होती. ती मुलगी
पुडी पुढे करून उभी.
"राहिलेला नाही, सर," मी म्हटलं,
आणि सुटे पैसे शोधू लागले.