हे माझं नाही

बरबीसच्या किनाऱ्यावर घरं खांबांवर उभी असतात.
समुद्राला यायचं असलं तर खालून यावं, खालून जावं.
त्या खालच्या जागेत, सिमेंटवर,
झुल्याची दोरी सोडून सुगिया मावशीनं कुंड मांडलं:
डिझेलच्या पिंपाचं कापलेलं बूड,
आत वाळू, वाळूवर अंगणातल्या आंब्याचं लाकूड.
तूप म्हणजे डब्यातलं लोणी, कढवून.
कापूर न्यूयॉर्कहून आलेला, कुणाच्या तरी बॅगेत, मोज्यात गुंडाळून.

पंडित हरदयाल आठवडाभर साखर कारखान्यात बॉयलर सांभाळतात.
रविवारी धोतर. नखांतलं ग्रीस मात्र तेच.
आज्याच्या वहीतून मंत्र वाचतात, इंग्रजी अक्षरांतले,
समुद्र ओलांडताना
ऱ्हस्व-दीर्घ कुठेतरी पाण्यात पडलेले.
आग चुका काढत बसत नाही.
दिलेलं घेते, आणि उंच होते.

लहानपणी मला वाटायचं, स्वाहा ही कुणी लांबची आत्या,
जिला प्रत्येक घासाला हाक मारतात आणि जी कधीच येत नाही.
पुढे कळलं, ती अग्नीची बायको;
तिचं नाव घेतल्याशिवाय तो जेवत नाही.
इतकं प्रेम आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं.

चमचाभर तूप. स्वाहा. इदं न मम.
चिमूटभर सामग्री. स्वाहा. इदं न मम.
अकराव्या की बाराव्या आहुतीला मी विचारलं,
न मम म्हणजे काय?
"हे माझं नाही," पंडित म्हणाले, हात न थांबवता.

मावशी हसली. धुरानं की कशानं, डोळे पुसले.
"एवढंच? मग हा मंत्र आम्हाला जहाजावरच पाठ झाला होता.
ऊस माझा नाही. कोयता कंपनीचा.
बराक कंपनीची, ताप तेवढा आपला.
नावसुद्धा कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं,
आणि माझ्या पणजीनं त्याखाली अंगठा उठवला.
चार पिढ्या न मम म्हणतोय, पंडितजी.
कुठला देव खूश झाला?"

कुंडात लाकूड तडकलं.
मागच्या कालव्यात कुणाचं तरी बदक ओरडलं.
पंडितांनी चमचा खाली ठेवला, जो मध्येच ठेवायचा नसतो.
बॉयलरचं दार उघडण्याआधी थांबावं तसे थांबले.
मग म्हणाले,
"हिसकावलेल्याला आहुती नाही म्हणत, दीदी.
ते वाक्य बोलायला
आधी ते तुझं असावं लागतं."

मावशी उठली. यजमानानं मध्येच उठायचं नसतं, तरी उठली.
वर तिच्या पावलांखाली फळ्या करकरल्या,
स्वयंपाकघरापर्यंत, मग पलीकडे, मग बराच वेळ काहीच नाही.
आली तेव्हा हातात बिस्किटांचा डबा,
डब्यात भाताचं बियाणं,
बांधापलीकडच्या अर्ध्या एकराचं,
जो तिनं स्वतः विकत घेतला, स्वतःच्या सहीनं,
सही शिकायला दोन महिने घालवून.

मूठ कुंडावर धरली. उघडेना.
आम्ही सगळे तिच्या बोटांकडे बघत होतो.
आगही, मला वाटतं, थोडी खाली बसली.
मी मनात म्हटलं, नको टाकूस.

ती "स्वाहा" म्हणाली, अगदी हळू,
जशी खरंच कुणी शेजारीण दारात उभी असावी.
दाणे पडले, तडतडले, काही लाह्या होऊन बाहेर उडाले,
एक माझ्या फ्रॉकवर.
"हे माझं," ती म्हणाली. श्वास घेतला.
"माझं नाही."

संध्याकाळी कंपनीनं ऊस पेटवला, तोडणीआधी पेटवतात तसा.
काळी राख वाऱ्यावर आली, वाळत घातलेल्या चादरींवर,
कुंडातल्या राखेवरही.
मावशीनं बोट बुडवून माझ्या कपाळाला लावलं.
कुठल्या आगीची, ते मी विचारलं नाही.
डब्यात अजून निम्मं बियाणं होतं.
तिनं झाकण घट्ट लावलं, वर नेऊन ठेवलं.
जूनमध्ये पेरायचं होतं.