वीतभर पाणी

कोरोइकोहून निघालो तेव्हा दाब पंचवीस होता.
पंचवीस सेंटिमीटर पाणी,
म्हणजे साधारण एक वीत.
एवढंच पाणी माणसाच्या गळ्याशी ठेवायचं.
कमी पडलं तर लाळ फुप्फुसात झिरपते,
जास्त झालं तर आतली नाजूक त्वचा
रक्तावाचून पांढरी पडत जाते, गुपचूप.

सातुर्निनो पोमा, वय एकोणपन्नास.
मिनीबसच्या थांब्यावर घसा फोडून ओरडणारा:
"ला पास, ला पास, एकच जागा, एकच!"
(अकरा रिकाम्या असताना.)
आता स्वरतंतूंच्या मधून नळी गेलीय
आणि त्याच रस्त्यानं
आम्ही त्याला फुकट नेतोय.

युंगासची झाडी खाली राहिली.
एवेराल्दोच्या डॅशबोर्डवर वेफर्सची पिशवी
फुगत चाललीय, उशीसारखी गच्च.
मी तिच्याकडे बघते, आणि माझा हात
त्याच्या गालाशी लोंबणाऱ्या चिमुकल्या फुग्याकडे जातो.
बोटांना तो ठीकच लागतो.
बोटं खोटं बोलतात,
वीस वर्षं नोकरी केलेली असली तरी.
डायल जोडली. अठ्ठावन्न.

चिमूटभर हवा सोडली. चाळीस.
पुन्हा. सव्वीस.
दोन वळणांनंतर परत छत्तीस.
घाट चढतो तशी हवा पसरते,
तिला काय ठाऊक
आपण कुणाच्या घशात आहोत ते.

ला कुंब्रे. खिंडीत बर्फाची भुरभुर.
एवेराल्दो गाडी थांबवतो, काच खाली करतो,
बाटलीतले थेंब मातीला देतो, पाचामामाला,
मग पुढच्या चाकाला,
आणि वळून विचारतो, "ह्याच्या नावानं?"
दे, म्हणते. पण काच लाव आधी,
पाय गार पडलेत त्याचे.

उतारावर सगळं उलटं.
एकोणीस. सोळा.
घशातून गुरगुर येते,
फुगा आणि नळकांड्याच्या मधे फट पडल्याची.
सिरिंजनं थोडी हवा भरते,
थांबते, बघते, आणखी किंचित.
वीत पुरी होते.

विया फातिमाला गाडी गर्दीत अडकली.
काचेला जवळजवळ तोंड लावून
एक पोरगा ओरडत होता:
"कोरोइको, कोरोइको, एकच जागा!"
सुई एकतिसावर गेली,
थरथरली, परत आली.

खोकला आला असेल.
मी तक्त्यात पंचवीस लिहिलं.