चौथा ठोकळा

उद्या हेड ऑफिसात नव्या पोरांसमोर बोलायचंय.
विषय: प्रकल्प व्यवस्थापकाचे नेतृत्वगुण.
वेळ वीस मिनिटं.
कागदावर आतापर्यंत
तारीख लिहून झालीय.

सोनपेठची टाकी आठवते.
बारा खांबांवरची, दोन लाख लिटरची,
माझं पहिलं स्वतंत्र काम.
भिंतीवर तक्ता, निळ्या पट्ट्या, लाल पट्ट्या,
प्रत्येक पट्टीला सुरुवात आणि शेवट,
आणि त्या सगळ्या तक्त्यात
मुनीर मिस्त्रीची कंबर कुठेच धरत नव्हती.

वरच्या कड्याचा माल टाकायची रात्र.
मी परभणीत, जेवणाच्या ताटावरून फोन:
उजाडायच्या आत संपवा. कसंही करा.
अकराला एक फोन, साडेबाराला एक,
दोनला नुसता मिस्ड कॉल,
मी जागी आहे हे कळावं म्हणून.

त्या 'कसंही'चं वजन
मी तोवर कधी उचलून पाहिलं नव्हतं.

सातव्या दिवशी मशीनखाली ठोकळे फुटले,
फुटायला नको होते त्या आकड्यावर.
माल पातळ होता.
कुणीतरी मिक्सरमध्ये पाणी वाढवलं होतं,
भरभर सरकावा म्हणून.

बैठकीत कार्यकारी अभियंत्यांनी विचारलं,
रात्री ड्यूटीला कोण?
अकरा खुर्च्या. अकरा माना
एकाच बाजूला वळल्या,
वारं फिरलं की ज्वारी वळते तशा.
प्रज्वल खिल्लारे, वय तेवीस,
खिशात पेन, खिशाला शाईचा डाग.

मी म्हणाले, पाणी त्यानं ओतलं.
घाई माझी होती.

हे मोठेपण नव्हतं, लिहून घ्या.
मोठेपण असतं तर इतका घाम आला नसता.
मी आधी मनात तीनदा
त्याचंच नाव घेऊन पाहिलं होतं,
आणि ते सोपं होतं, जिभेवर गुळगुळीत.

कडं तोडायचं ठरलं.
तू बांधलंस ते तूच तोड,
हे माणसाला कसं सांगायचं
ते कुठल्याच कोर्सात नव्हतं.
मी सांगितलं, गिट्टीच्या ढिगाशी उभी राहून,
रात्रीच्या फोनांसकट.
कुणी काही बोललं नाही.
मुनीर मिस्त्रीनं ओळंब्याची दोरी गुंडाळली,
सोडली, पुन्हा गुंडाळली.
शेवटी अनुसयाबाई,
घमेलं उपडं घालून त्यावर बसलेली:
"ते समदं खरंय मॅडम,
पर तोडायची हजरी भेटंल का न्हाई
ते सांगा."

एवढाच प्रश्न होता
आणि माझ्या तक्त्यात त्याची पट्टीच नव्हती.
मिळेल, म्हणाले. कुठून, ते माहीत नव्हतं.
ठेकेदाराशी चार दिवस भांडले. मिळाली.
बढती त्या वर्षी मिळाली नाही,
तो वेगळा हिशेब.

दुसऱ्यांदा माल टाकायच्या आदल्या दिवशी
तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला
आणि एकेकाला विचारत फिरले: तुला काय लागेल?
मिस्त्रीला व्हायब्रेटरची लांब सुई.
प्रज्वलला, बराच वेळ थांबून,
'थांबवा' म्हणायची परवानगी.
अनुसयाबाईला लेकराजवळ बसायला कुणीतरी.

लेकराजवळ मी बसले.
दीडच्या सुमाराला वरून
प्रज्वलचा आवाज आला: थांबवा!
आणि मिक्सर थांबला.
मी उठले नाही.
मांडीवर लेकरू झोपलं होतं,
हेही एक कारण धरा.
थोड्या वेळानं मिक्सर पुन्हा फिरू लागला.
काय झालं होतं, ते मी सकाळी विचारलं,
चहा झाल्यावर.

मुनीर मिस्त्रीची एक सवय होती,
तीनच्या जागी चार ठोकळे भरायचे.
"एक अपना. देखने के वास्ते."
पहिल्या रात्रीचा तो चौथा, न फुटलेला,
आठ किलोचा, अजून माझ्याकडे आहे.
केबिनच्या दाराला टेकवून ठेवलाय,
पंख्याच्या वाऱ्यानं दार लागतं म्हणून.

वीस मिनिटं.
उद्या तोच उचलून न्यावा म्हणते.
दार तेवढं
दुसऱ्या कशानं तरी अडवावं लागेल.