डोण

आमच्या दारात डोण आहे. म्हशी तिच्यात पाणी पितात.
पाहुणे विचारतात, एवढी लांब कशाला?
चार म्हशींना नऊ हात?
आई म्हणते, पडून होती, वापरली.

पडून नव्हती.
आंब्याचं एकच खोड, मल्लू सुताराचा वाकस,
पोटात मंद जाळ घालून कोरलेलं,
एक पावसाळा पाण्यात, एक उन्हाळा सावलीत,
मग सिदू अंबी, माझा आजा,
तिच्यात गुडघा टेकून बसला.
मांडी घालून बसणाऱ्याला ती ठेवायची नाही.
अंगच असं अरुंद.

प्रयाग चिखलीच्या घाटावरनं तिच्यातनं गेले
गोणपाटात गुंडाळलेले गुळाचे रवे,
शाळामास्तर, सायकलीसकट,
आणि हळदीच्या अंगाची एक नवरी,
जी मध्यधारेला म्हणाली, परत फिरवा.
आज्यानं फिरवली.
दोन्ही काठांवरनं वऱ्हाड बोंबलत राहिलं.
(त्या बाईला मी ओळखतो.
परवा बाजारात वांगी निवडत होती.)
भाडं रोख नाही. सुगीला घरटी शेर जोंधळा.
बाळंतिणीचं काही नाही. मढ्याचं काही नाही.

मग पूल झाला.
उद्घाटनाला आज्याला टोपी दिली, नारळ दिला.
घरी येऊन तो एवढंच म्हणाला,
नारळ पाणीदार हाय.

बाबा शर्यतीला लागला. कृष्णेवर, कुरुंदवाडकडं,
दहा जणांची लांब होडी, काठावर हलगी,
शिट्ट्या, उडणाऱ्या टोप्या,
आणि बाबा सगळ्यात मागच्या वल्ह्यावर
सगळ्यांच्या पाठी बघत.
ढाल एकदाच मिळाली. कपाटावर आहे.
तिच्यावर गावाचं नाव चुकलंय,
'चिखलि', ऱ्हस्व.

तोवर डोणीच्या बुडाला भोक पडलं.
बाबानं सिमेंट थापलं, गोठ्यापुढं ओढली.
आधी पाणी बाहेर असायचं,
आता आत.

आणि तो पूर, छपरं गिळणारा.
तुम्हाला वाटेल, ती उठली असेल,
तरंगत येऊन आम्हाला तारलं असेल.
नाही.
सिमेंटच्या वजनानं जागच्या जागी बसून राहिली
दोन पुरुष पाण्याखाली, म्हशीगत.
तरंगली ती गुऱ्हाळाची काहील.
तिला ना पुढं ना मागं,
वल्हं मारलं की गिरकी घ्यायची.
तिच्यात आई, दोन शेळ्या, धाकटी सानिका,
फिरत फिरत कमानीपर्यंत गेल्या.
आई अजून सांगते,
गाव मला त्या दिवशी सगळ्या बाजूंनी दिसलं.

तीच सानिका आता राजाराम तलावावर
पहाटे साडेपाचला फायबरची होडी
खांद्यावरनं उतरवून पाण्यावर ठेवते, आवाज न करता,
निजलेलं पोर ठेवावं तशी.
कॅनो म्हणते ती तिला.
एका गुडघ्यावर बसते,
एकाच बाजूला वल्हं मारते,
तरी सरळ जाते.

बाबा एकदा बघायला गेला.
बांधावर उभा राहिला, तंबाखू मळत.
मग कोचला विचारलं,
हे गुडघ्यावर बसायचं कुठनं आलं म्हणायचं?
कोचनं कुठल्याशा देशाचं नाव सांगितलं.
बाबा म्हणाला, लईच लांबनं आलं की.

भोपाळला ती सहावी आली.
रात्री घरी आली, पिशवी टाकली,
जेव म्हटलं तर ऐकलं नाही, थेट गोठ्याकडं.
बादलीनं डोण उपसली, तळ दिसेपर्यंत.
आत उतरली, उजवा गुडघा टेकला.
तिथं लाकडात एक खळगा आहे.
आम्ही समजायचो, म्हशींच्या जिभांनी झिजलाय.

गुडघा बरोबर बसला.

ती तशीच राहिली, हातात काही नसताना.
म्हैस तोंड खाली घालून थांबलेली.
आणि आतनं आई ओरडली,
सगळं पाणी सांडू नगंस गं,
नळाला आता परवाच येतंय.