सल्ला दिला : होय

कार्डावर अक्षर माझंच आहे.
सगुण हळर्णकर, अठ्ठावन्न, आगरवाडा.
वरचं एकशे ऐंशी, खालचं एकशे दहा.
मीठ कमी करणे. त्यापुढे रकाना : सल्ला दिला.
आणि माझं होय, दर महिन्याला एक,
नऊ महिने एकाखाली एक,
बांधावर ओढून ठेवलेल्या मिठाच्या ढिगांसारखं.

पहिल्यांदा आला तेव्हा
पिंढऱ्यांवर पांढरी रेघ होती,
कुठवर पाण्यात उभा राहतो त्याची.
ऐकून घेतलं सगळं, मग म्हणाला,
"बाय, मीठ सोडल्यार म्हाका वळखतलो कोण?"
मी हसले
आणि होय लिहिलं.

मार्चात दोनदा आला नाही.
गैरहजर, असं लिहायचं असतं.
रजिस्टरला भरती-ओहोटी कळत नाही.
पहाटे मानशीचं दार उघडायचं,
उन्हात कोंडीतलं पाणी आटताना बघत बसायचं,
सांजेला मीठ ओढायचं,
आणि तुयेची बस जाते ती नेमकी याच्या मधून,
परतते काळोखात.
गोळ्यांची पट्टी फुकट,
पण एक दिवस गेला की एक रोज गेला.

म्हणून मीच गेले.
द्वारकानं पेज वाढली.
पेज म्हणजे पाणी, पाण्यात थोडा भात,
आणि तो गळ्याखाली उतरायला
मिठातलं एक तोर,
खाऱ्या बांगड्याचा बोटभर तुकडा.
यातलं काय कमी करू,
असं तिनं विचारलं नाही.
ओला हात पदराला पुसत बसून राहिली
आणि मी ताटाकडे बघत.
तोर चाखलं. छान होतं.
ते लिहायला रकाना नव्हता.

पुढचं तिचं तिनंच ठरवलं.
बांगडा रात्रभर पाण्यात,
सकाळी ते पाणी माडाच्या मुळाशी.
"माडाला मीठ मानवतं," म्हणाली, "ह्यांना नाही."
तोरं दोन पाण्यांतून काढायची.
कुंपणापलीकडची इनासिन बिंबलं देते ओंजळ ओंजळ,
आंबट लागलं की जीभ
मीठ मागायचं जरा विसरते.
पंधरा दिवस सगुण ताटावरून उठून जायचा.
एकदा आगरात जाऊन खडा चोखून आला,
पोरासारखा,
आणि मला आपण होऊन सांगितलं.

मी काय बदललं?
डॉक्टरांशी भांडून गोळ्या दोन महिन्यांच्या केल्या.
पंचांग घेतलं.
अष्टमीला पाण्याला जोर नसतो,
तेव्हा अष्टमी ठरली.
स्कूटरच्या डिकीत यंत्र, बांधावर उलटी टोपली,
टोपलीवर सगुणचा दंड.
वरून मोपाला उतरणारं विमान गेलं
तेव्हा आकडा थांबला :
एकशे अठ्ठेचाळीस, ब्याण्णव.
अजून जास्तच आहे. मी सांगितलं तसं.
तो म्हणाला, मग पुढच्या अष्टमीला बघू.
मला दोन किलो मीठ बांधून दिलं,
जाडं, करड्या रंगाचं,
आणि मी घेतलं. नको कसं म्हणणार.
त्या दिवशी रकान्यात लिहिलं, नाही.
सल्ला दिला नाही. बसले होते.

निघताना फावडं टेकवून
यल्लव्वा पुढे आली, गदगची,
मीठ संपलं की मे महिन्यात परत जाणारी.
दंड पुढे केला, बोलली काहीच नाही.
एकशे शहाण्णव.
आधार गावाकडे, पत्ता ठेकेदाराची खोली,
तिच्या नावाचं कार्ड निघत नाही इथे.
सगुणनं आपलं कार्ड उलटं करून दिलं.
मागची बाजू कोरी होती.
तिथे तिचं नाव लिहिलं, आकडा लिहिला,
आणि पेन तसंच धरून
मेनंतर काय,
ते कुठे लिहायचं, बघत राहिले.