कॉलरचा माईक

भोपळा तीनदा विकला गेला कापणीच्या सणाला.
ज्याने घेतला त्याने परत टेबलावर ठेवला,
पुन्हा बोली, पुन्हा टाळ्या,
शेवटी आमोसदादांनी सतराशेला घरी नेला
आणि त्यांच्या बायकोने आठवडाभर अबोला धरला.
असे जमले नऊ हजार चारशे.
हिशेबाची वही माझ्याकडे,
म्हणून माईकही माझ्याच गळ्यात.

जुन्या माईकला वायर होती, वायरीला चिकटपट्टी,
आणि उबाळे पाळकांना पाय.
रंगात आले की ते व्यासपीठावरून उतरतात
थेट तिसऱ्या बाकापर्यंत.
त्यामुळे तीन वर्षांच्या रेकॉर्डिंगमध्ये
आरंभीची प्रार्थना आहे, आमेन आहे,
मधे नुसता कूलर.

नागपूरचा कूलर, मे महिन्यातला.
तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही,
स्वर्गातल्या बापाचंही.

सीताबर्डीत तीन दुकानं फिरले.
पहिल्यात हातात धरायची जोडी, साडेतीन हजारांत.
"दोन येतात न ताई, एक बिघडला तर दुसरा."
म्हणजे बिघडणार हे ठरलेलंच.
दुसऱ्यात काचेआड एकच होता, बत्तीस हजारांचा.
मी हात मागे बांधून पाहिला,
लहानपणी मडमेचा पियानो पाहायचे तसा.

जोडी आणली, परतीच्या बोलीवर.
रविवारी पाळकांनी हात वर केला, म्हणाले, "ऐका!"
आणि भोंग्यातून शेजारचं मंगल कार्यालय बोललं:
"नवरीच्या मामांनी ताबडतोब बोहल्याकडे यावे."
सायलस जाधव खरंच उठून उभे राहिले.
त्यांची भाची त्याच महिन्यात उजवायची होती.

तिसरं दुकान खुशाल बोपचेचं, जिन्याखाली, पंख्याशिवाय.
"काऊन घाबरता बाई? ते जुन्या पट्ट्यावर चालते,
बाजूची वरात घुसणारच. हा घ्या."
नखाएवढा माईक, त्याला केसाळ टोपी,
एक डबी कमरेला, एक मोबाईलला.
सात हजार आठशे, घासाघीस करून.
माझ्या कानात बोंडं घालून
त्याने चिमटा स्वतःच्या शर्टाला लावला
आणि निघाला, रस्ता ओलांडून,
ऑटोच्या रांगेमागे, रसवंतीच्याही पलीकडे, दिसेनासा.
मग अगदी कानाशी, हळू:
"बाई, ऐकू येऊन रायलं का?"
मी रिकाम्या काउंटरला म्हटलं, हो.
त्याला अर्थातच ऐकू गेलं नाही.

पुढच्या रविवारचा उपदेश काचेसारखा स्वच्छ.
पान उलटल्याचं कळत होतं,
पाळकांच्या कवळीची बारीक टकटकसुद्धा.
मी तो तबीथाबाई पाटोळ्यांना पाठवला,
खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या इंदोऱ्यातल्या खोलीत,
रविवार मोबाईलमधून येतो त्यांच्याकडे.

संध्याकाळी फोन.
"अगं, मंडळी कुठे गेली?
पाळक एकटेच बोलत होते, मला भीतीच वाटली.
कूलर बंद होता का एवढ्या उन्हात?
दोर्कसचं पोर रडलं नाही एकदाही. बरं आहे ना ते?
कोणीच आलं नव्हतं का गं?"

मी म्हटलं, भरलं होतं चर्च, बाई.
त्यांना पटलं नाही. मलाही नीट पटवता आलं नाही.

जुना माईक फेकला नव्हता, गुदामात होता, वायरीसकट.
चौथ्या बाकाच्या खिडकीत, तबीथाबाईंच्या जागेशी,
सुतळीने बांधला, कुणाकडेही तोंड न करता.
दोन्ही आवाज एकत्र आणायला
बोपचेकडून एक मिक्सर घेतला, वापरलेला,
एक बटण तुटलेलं.

वहीत लिहिलं: मिक्सर, जुना, चौदाशे पन्नास.
कारणाच्या रकान्याशी पेन अडलं.
कूलरचा आवाज काढायला सात हजार आठशे खर्चले,
तो परत आणायला हे, असं कसं लिहिणार?
लेखापाल मोझेस साहेब मार्चमध्ये विचारतीलच.
लिहिलं: दोर्कसचं पोर.